‘मग?’ म्हणणारे काका

जगात गोष्ट सांगणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई असते ती ‘मग?’ म्हणणाऱ्यांची, आणि निदान परळ-लालबागपुरती तरी ती माझ्या धाकट्या मावशीच्या यजमानांनी एकहाती भरून काढली आहे. त्यांच्यासमोर कुणी नुसतं ‘काल काय झालं माहितेय’ एवढं म्हणायचा अवकाश, हातातलं काम तिथेच टाकून ते उभे राहतात, मान किंचित तिरपी करतात आणि डोळे बारीक करून म्हणतात, ‘मग?’ या एका शब्दापायी लहानपणी मी त्यांना अशा कितीतरी गोष्टी सांगून बसले आहे, ज्या आईच्या कानावर जायला नको होत्या.

रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत काकांनी उभी हयात कारकुनी केली, पण ती पोटापुरती. खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. लालबागमधल्या एका शाहिरांच्या पथकात ते झीलकरी होते. पोवाडा रंगतो तेव्हा शाहीर पुढे उभा असतो. डफ त्याच्या हातात, गोष्ट त्याच्या तोंडात आणि शेवटी हार-नारळही त्यालाच. त्याच्या मागे दोन-तीन माणसं उभी असतात, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. शाहिराने कडवं संपवलं की ती वरच्या पट्टीत ‘जी जी रं जी’ म्हणून सूर उचलून धरतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढचं आठवून घेतो. ही झील. काकांनी वर्षानुवर्षं ती धरली आणि पुढे येऊन एखादं कडवं आपणही म्हणावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मी एकदा विचारलंही होतं. काका एरवी माझ्याशी आमच्यासारखं बोलतात, पण भान सुटलं की मालवणीवर येतात. म्हणाले, ‘सांगणारो सांगून मोकळो होता गो. गोष्ट उभी कोण ठेवता?’

झीलकऱ्याने बसायचं नसतं, हा नियम त्यांनी रंगमंचावरून घरी आणला. गोष्ट सुरू झाली की ते चालू लागतात. भोईवाड्यातली त्यांची खोली म्हणजे ओट्यापासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत जेमतेम चार ढांगा, पण तेवढ्यातही ते अशा येरझारा घालतात की सांगणाऱ्याची मान दुखून येते. फोनवर तर विचारूच नका. माझ्या मुलीच्या शाळाप्रवेशाची चित्तरकथा मी त्यांना फोनवर सांगायला घेतली तेव्हा ते घरात होते. मी मुख्याध्यापिकाबाईंच्या दाराबाहेर ताटकळत बसले, इथवर गोष्ट आली तेव्हा मागून बसचे हॉर्न ऐकू यायला लागले. प्रवेश मिळाला तेव्हा काका लालबागला पोचले होते आणि आलोच आहे तर चिवडा घेऊन जाऊ का, असं मलाच विचारत होते. मावशी म्हणायची, ‘यांना दळणाला पाठवायची सोय नाही. चक्कीवर कुणीतरी भेटतं, त्याच्या सुनेची गोष्ट निघते, आणि पीठ राहतं बाजूला.’

गोष्ट सांगण्याच्या आपल्याकडे ज्या म्हणून तऱ्हा आहेत, त्या सगळ्यांकडे काका मागच्या बाजूने बघतात. शाहिरांची, नटांची, बुवांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत; साथीला कोण होतं ते मात्र पक्कं आठवतं. त्यांचा सिद्धान्त असा, की कीर्तन काय, गोंधळ काय, पोवाडा काय नाहीतर त्यांच्या मालवणकडचा दशावतार काय, गोष्ट सगळीकडे तीच; बदलतो तो फक्त ‘मग?’. कीर्तनात तो टाळ-मृदंगातून विचारतात. गोंधळात मागचा साथीदार भोळा चेहरा करून मुख्य गोंधळ्याला नाही नाही ते प्रश्न विचारतो आणि त्यावर गोष्ट पुढे सरकते. दशावतारात तर लिहिलेलं नाटकच नसतं. कुठलं आख्यान करायचं एवढं ठरवून नट उभे राहतात, त्यामुळे राक्षसाने राणीला आणि राणीने राक्षसाला ‘मग?’ म्हणावंच लागतं, नाहीतर दोघंही उभ्या उभ्या गप्प. ‘आणि साध्या नाटकात?’ मी विचारलं. ‘तिथे लोक मनातल्या मनात म्हणतात,’ काका हळहळून म्हणाले, ‘तिकीट काढून.’

मनातल्या मनात म्हणणं काकांना कधी जमलं नाही. दादरला एका संगीत नाटकाला मी त्यांना मोठ्या हौसेने घेऊन गेले होते. विरहाने व्याकूळ झालेल्या नायकाने लांबलचक तान घेतली आणि समेवर येऊन तो क्षणभर थांबला. तेवढ्यात आमच्या रांगेतून खणखणीत झील गेली, ‘जी जी रं जी’. नायक दचकला, पण गडी तयारीचा असावा. पुढची ओळ त्याने आणखी वर उचलली. मध्यंतरात मी खाली मान घालून बटाटावडा खात होते आणि काका मला समजावत होते, ‘बिचाऱ्याला आधार हवा होता. तू बघितलंस ना, किती दमला होता तो.’

शोकसभा तर त्यांना कायमची बंद आहे. वखारीच्या मालकांच्या शोकसभेत एक वक्ते ‘शेठ गेले…’ म्हणून गहिवरून थांबले, आणि मागच्या भिंतीशी येरझारा घालणाऱ्या काकांनी कळवळून विचारलं, ‘मग?’ वक्ते गोंधळले. गेल्यानंतरचं त्यांच्याकडे काही तयार नव्हतं. निवृत्त झाल्यावर काका दुपारचे भोईवाड्याच्या कोर्टात जाऊ लागले, कारण तिथे गोष्टींना तोटा नसतो. एका साक्षीदाराने ‘मी दार उघडलं आणि बघतो तर’ एवढं म्हणून पाणी मागितलं आणि काकांच्या तोंडून शब्द निसटला. शिपायाने त्यांना हळूच दंडाला धरून बाहेर आणलं. ‘आजोबा, इथे मग फक्त साहेबांनी म्हणायचं.’ काकांना ते पटलं. ज्या त्या ठिकाणची रीत असते म्हणाले आणि घरी आले, पण दार उघडल्यावर त्या माणसाने काय बघितलं ते न कळल्यामुळे पुढे बरेच दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. हल्ली त्यांना कुणी मोबाइलवर रील दाखवलं तर ते शेवटी ‘मग?’ म्हणतात आणि तोवर तेच रील पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं असतं. हा त्यांना चक्क आगाऊपणा वाटतो.

अशा माणसाच्या नशिबात बायको आली ती माझी मावशी. गिरगावात आमच्या आजोळी बहिणीच इतक्या, की धाकटीला बोलायला मिळायचंच नाही. तिने सगळं साठवून ठेवलं आणि लग्नानंतर बाहेर काढलं, असं माझी आई म्हणते. मावशी कधी रंगमंचावर गेली नाही, गाणं शिकली नाही. पण बाजारातून आली की पिशवी खाली ठेवायच्या आत तिचा खेळ सुरू व्हायचा. भाजीवाला, त्याच्याशी घासाघीस करणारी बाई, मध्येच येऊन कोथिंबिरीला तोंड लावणारी गाय, सगळ्यांची कामं ती एकटी करायची. वाण्याचं बोलणं ती गाऊन दाखवायची, कारण तो खरंच तसा बोलायचा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिचं थांबणं. गोष्ट ऐन रंगात आली की ‘…तर ती म्हणते कशी’ एवढं बोलून ती थांबायची. कपाळ पुसायची, गॅस बारीक करायची, भातावरचं झाकण काढून बघायची. काका ओट्यापासून गॅलरीपर्यंत तळमळत फिरायचे, ‘मग? अगो, मग?’ शेजारणी दारात येऊन उभ्या राहायच्या, पण त्या मावशीची गोष्ट ऐकायला येतात की काकांची तगमग बघायला, हे सांगणं कठीण होतं. मूलबाळ नसलेल्या त्या दोघांचा संसार या ‘म्हणते कशी’ आणि ‘मग’च्या मध्ये सुखाने चालला होता.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर एका दुपारी मावशी मासळी घेऊन घरी आली. नाक्यावर माहीमच्या कोळीवाड्यातून येणारी एक कोळीण बसते, तिच्याकडून. तिथे काहीतरी झकास घडलं होतं, कारण मावशीने चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. नव्या टॉवरमधली एक बाई कोळणीकडे आली होती. तिने सुरमई बघितली, पापलेट बघितलं आणि विचारलं, ‘वास न येणारा मासा आहे का तुमच्याकडे? आमच्या लिफ्टमध्ये चालत नाही.’ मावशीने ती बाई गॉगल डोक्यावर सरकवण्यासकट वठवली. मग ती कोळीण झाली. कोयता बाजूला ठेवला, पदर खोचला, कंबरेवर हात ठेवून टॉवरच्या शेंड्यापर्यंत सावकाश वर बघितलं. ‘…तर ती म्हणते कशी,’ मावशी म्हणाली आणि थांबली.

‘मग?’ काका म्हणाले. मावशी थांबलेलीच. एक हात कंबरेवर, दुसऱ्या हातात पिशवी, नजर वर. काकांनी गॅलरीपर्यंत एक फेरी मारली आणि परत आले. आजचं थांबणं नेहमीपेक्षा लांबलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं. ‘मग, गो?’ ते हसत म्हणाले आणि पुन्हा गॅलरीकडे वळले. मावशी भिंतीला टेकली तेही त्यांना सोंगातलंच वाटलं. तिच्या हातातली पिशवी सुटून मासळी लादीवर पसरली, तेव्हा कुठे ते धावले.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. मावशी वाचली. उजवा हात-पाय हळूहळू थोडेफार हलायला लागले, पण बोलणं गेलं. तिला सगळं कळतं, सगळं आठवतं, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मधल्या त्या दोन-चार मिनिटांनी काही बिघडलं नाही, हेही त्यांनी काकांना नीट समजावलं. काकांनी मान डोलावली. हॉस्पिटलच्या जिन्यात मात्र मला म्हणाले, ‘माका वाटला, ती थांबली हा. नेहमीसारखी. मी आपलो मग मग करीत रवलंय.’ त्या दिवसानंतर बरेच दिवस या माणसाने ‘मग?’ म्हणणंच सोडून दिलं होतं. मी काही सांगायला लागले तर खाली मान घालून ऐकायचे, आणि तेही बसून. काकांना असं बसलेलं बघणं मला सहन व्हायचं नाही.

बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी घरी यायची. ती म्हणाली, काही माणसांना बोलता येत नाही, पण गाण्यातले शब्द येतात. सवयीचं काहीतरी गाऊन बघा. काका उभे राहिले आणि त्यांनी झील धरली. पण आधी कडवंच नाही, तर झील कशाला धरायची? ‘जी जी रं जी’ खोलीत घुमायचं आणि मावशी पंख्याकडे बघत पडून राहायची. गोष्ट आता आपल्यालाच सांगावी लागणार, हे काकांना कळून चुकलं. आणि गोष्ट तर एकच होती, अर्धी राहिलेली. तिचा शेवट विचारायला ते नाक्यावर गेले.

कोळणीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. ‘कंची बाई? माजी रोज एकीशी जुंपते.’ काकांनी गॉगल सांगितला, लिफ्ट सांगितली. ‘सगळ्यांच्याच डोक्यावर गॉगल असतो, बाबा. मी काय बोलले ते मला कशाला आठवंल? ते काम तुमच्या बायकोचं.’ मग तिने मावशीसाठी मूठभर बोंबील बांधून दिले आणि तिला लवकर उठवा म्हणून बजावलं. मावशी बघायला नसली की भांडण भांडल्यासारखं वाटत नाही, म्हणाली. म्हणजे ते वाक्य आता एकट्या मावशीजवळ उरलं होतं.

त्या संध्याकाळी मी खिचडी घेऊन गेले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. काका आयुष्यात पहिल्यांदा पुढे उभे राहिले. गोष्ट त्यांनी पोवाड्यात बांधली होती, निदान तसं त्यांना वाटत होतं. डफाऐवजी पोह्यांचा डबा. पहिल्याच कडव्यात त्यांनी सुरमईचा बांगडा केला आणि मावशीने डोळे मिटून घेतले. टॉवरला यमक सापडेना. मागे झील धरायला कुणी नाही, म्हणून कडवं संपलं की ते स्वतःच धावत ओट्यापाशी जायचे, झील धरायचे आणि दम खात पुन्हा पुढे यायचे. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. शेवटी त्यांच्या कोळणीने पदर खोचला आणि वर बघितलं. ‘…तर ती म्हणते कशी,’ काका म्हणाले आणि थांबले. त्यांना पुढचं येतच नव्हतं. कपाळावर घाम, हातात डबा तसाच. काहीतरी सुचवावं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलंगावरून जाडसर, ओबडधोबड आवाज आला, ‘म…ग?’

काकांनी डबा टाकला आणि तिचा हात धरून ते लहान मुलासारखे रडले. मावशी मात्र रागाने बघत होती. तिला रडणं नको होतं, पुढचं हवं होतं. तिने पुन्हा विचारलं, आणि या खेपेला शब्द अगदी स्वच्छ आला.

त्यालाही आता बरेच महिने झाले. मावशीला ‘चहा’ म्हणता येतं, ‘नको’ म्हणता येतं, आणखी काही सुटे शब्द येतात. वाक्य येत नाही. आणि काका रोज संध्याकाळी तीच गोष्ट तिला नवा शेवट लावून सांगतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: खरा शेवट तिला ठाऊक आहे, आपण सांगत राहायचं, ज्या दिवशी बरोबर लागेल त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर कळेल. पोवाड्यात कोळणीने कोयता उपसून टॉवरला वेढा घातला आणि वॉचमन शरण आले. कीर्तनाच्या दिवशी टॉवेलचं उपरणं करून काकांनी कोळणीच्या तोंडून देहाच्या नश्वरतेवर असं निरूपण केलं की गॉगलवाली बाई तिच्या पायांवर पडली. दशावतारात ती बाई राक्षसीण निघाली. तिला मारायला विष्णू यावा लागला आणि विष्णूसाठी मावशीची जरीची साडी काढावी लागली. गोंधळ घातला तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आवाजाची तक्रार करायला वर आले आणि शेवट ऐकल्याशिवाय खाली गेले नाहीत. प्रत्येक शेवटावर मावशी शांतपणे म्हणते, ‘मग?’ म्हणजे हाही नव्हे. काका हिरमुसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांची पायपीट सुरू होते. शेवट शोधायला ते गिरगावात कीर्तनाला जातात, कोर्टात जाऊन ओठ घट्ट मिटून उभे राहतात, नाक्यावर बायकांची भांडणं ऐकतात. एकदा मला म्हणाले, ‘पुढे उभा राहिल्यावर इतकं एकटं वाटतं, हे मला माहीतच नव्हतं गो. तिलाही रोज तसं वाटत असेल काय?’

मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा काका दमलेले होते. ना टॉवेल, ना डबा, ना सूर. आमच्याकडे पाठ करून गॅलरीकडे चालता चालता त्यांनी साध्या बोलण्यात गोष्ट उरकायला घेतली. ‘…तर ती म्हणते कशी, बाय, बिनवासाचा हवा असंल तर मासा नको घेऊ. माशाचं चित्र घे आणि लाव भिंतीला.’ मी सहज मावशीकडे बघितलं. तिचे खांदे गदगदा हलत होते. डाव्या हाताने तिने पदर तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतके महिने आत अडकून पडलेलं वाक्य तिला बाहेरून ऐकू आलं होतं. मी काकांना हाक मारणार, तोच तिने माझं मनगट पकडलं आणि चांगलंच दाबलं. मान हलवली, नको. काका कठड्याला हात लावून परत वळेपर्यंत तिने पदराने चेहरा पुसून कोरा केला होता. मावशीची आजवर मी असंख्य सोंगं पाहिली, पण इतकं सफाईचं सोंग पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, ‘मग?’

काका मला सोडायला खाली नाक्यापर्यंत आले. रस्ता ओलांडायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘आजचो कसो वाटलो?’

‘बरा होता,’ मी म्हटलं. ‘पण तो नसावा.’

‘माका पण तसाच वाटला. फार साधो झालो.’ त्यांनी मान किंचित तिरपी केली. ‘उद्या भारुडात बसवून बघतंय. कोळणीक नाचाक लावतंय.’ आणि माझा निरोपही न घेता ते भराभर घराकडे चालायला लागले. टॉवरच्या सावलीतून, फेरीवाल्यांच्या मधून, हातवारे करत, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत चालले होते. त्यांच्या पायांत घाई होती. ती तशीच राहू दे, एवढंच मला त्या वेळी फार फार वाटलं.